सोडायला मुभा, न्यायला मनाई

लातूरहून आलेल्या गाडीतून सोजरबाई उतरल्या आणि त्यांनी आधी माझ्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. माझ्यामागं मिरज स्टेशनचा फलाट होता, दोन हमाल होते आणि एक पेंगणारं कुत्रं होतं. त्यांचा मुलगा नव्हता.

"बालू न्हाई आला?"

"पायाला प्लास्टर आहे ना, आत्या. डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून सांगितलंय."

"ते ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या आणि मी नुकतीच त्यांच्या हातून घेतलेली पिशवी परत काढून घेतली.

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. पण आत्या म्हणायची ही माझी पहिलीच वेळ होती, कारण लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी आमची भेट पहिलीच. बालाजीनं आणि मी सांगलीत कचेरीत सह्या करून लग्न केलं आणि त्यानं आईला फोन लावला. मुलगी काय करते, असं त्यांनी विचारलं. टॅक्सी चालवते, असं यानं सांगितलं.  मग "डायवरीण व्हय?" एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. जात वेगळी, गाव वेगळं, हे त्यांनी एक वेळ पचवलं असतं. पण चार बायकांत सांगायचं काय? कुणाची सून मास्तरीण, कुणाची सून नर्स, आणि ह्यांची सून परक्या बाप्यांना मागं बसवून गावभर हिंडते! तेव्हापासून त्या लेकाशी बोलायच्या. फोन चुकून मी उचलला तर "बालूला दे" याच्यापुढं एक अक्षर नाही. माझं नाव हर्षदा आहे हे त्यांना माहीत असेल की नाही, याचीही मला शंका होती.

बालाजी वायरमन. एका बंगल्यात काम करताना शिडीवरून पडला, पाय मोडला आणि मग मात्र माऊलीला राहवेना. यायचं ठरलं. सकाळी मी निघताना खाटेवरूनच तो म्हणाला, "हर्षदा, कशीबशी घरापर्यंत आण मायला. काही बोलली तर कानाआड कर. एकदा घरात आली की पुढचं मी बघतो."

मी हो म्हटलं. पण मला तेवढ्यावर भागणार नव्हतं. त्यांनी मला एकदा तरी सून म्हणावं, एवढी माझी इच्छा होती. प्रेमानं म्हणावं असंही नाही. कसंही म्हणावं, कुणापुढंही म्हणावं. हे मी बालाजीलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यानं लगेच फोन करून आईला तसं म्हणायला लावलं असतं. मागून घेतलेलं मला नको होतं.

आता स्टेशनच्या नियमांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं. तेव्हा स्टेशनसमोरचं आवार वाटून दिलेलं होतं. डावीकडं रिक्षांची रांग. उजवीकडं पार्सलचे टेम्पो, आणि तेही फक्त सकाळी लवकर, माल उतरवून होईपर्यंत. मधे घरच्या गाड्यांनी यायचं, माणूस चढवायचं-उतरवायचं आणि इंजिन बंद न करता निघायचं. समोरच्या हॉटेलचा टोपीवाला माणूस पाहुण्यांच्या गाड्या लावायला न्यायचा, त्यालाही इथं चाक टेकवायची सोय नव्हती. आणि मोबाइलवरून बोलावलेल्या टॅक्सीसाठी तर खास पाटीच होती: 'प्रवासी सोडण्यास मुभा, प्रवासी नेण्यास मनाई'. म्हणजे माणूस स्टेशनात आणून टाकायला आमची ना नाही, पण तोच माणूस परत न्यायचा असेल तर टॅक्सीनं पुलापलीकडं गोदामापाशी थांबायचं आणि त्यानं ओझं घेऊन तिथवर चालत यायचं.

हा नियम रिक्षावाल्यांनी भांडून मिळवला होता आणि तो पाळला जातो की नाही हे त्यांच्या संघटनेचे दस्तगीरमामा जातीनं बघायचे. पांढरी दाढी, चष्मा दोरीनं गळ्यात, आणि तो चष्मा न लावताही टॅक्सीची पिवळी नंबरप्लेट त्यांना फर्लांगावरून दिसायची. मला त्यांचा राग कधीच आला नाही. उन्हात रांगेत उभं राहून आपला नंबर यावा आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी मोबाइलवर गिऱ्हाईक उचलून न्यावं, तर कुणाचंही डोकं फिरेल.

माझी गाडी पिवळ्या पाटीची. घरात दुसरी गाडी नव्हती. दळण आणायला तीच, दवाखान्यात जायला तीच. म्हणून मी नियमानं पुलापलीकडं गाडी लावली होती आणि चालत फलाटावर आले होते. सासूला आणायला जाताना आपण चुकीच्या जागी उभं असू नये, असा त्यात माझा शहाणपणा होता.

तो शहाणपणा पोत्यानं हाणून पाडला. सोजरबाईंनी एक पोतं आणलं होतं. तूरडाळ, ज्वारी, भाजलेल्या शेंगा, आणि जुन्या लुगड्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या. लेकाच्या मोडक्या पायाला शहरातलं काही मानवत नाही, असं त्यांचं मत असावं. हमालानं पोतं बाहेर आणून टाकलं आणि तिथून पुढं यायला तो तयार होईना. सोजरबाई चार पावलं चालल्या, गुडघे धरले आणि पोत्यावरच बसल्या.

"लई लांब हाय का?"

"पुलापलीकडं आहे गाडी. रिक्षा करू का तिथवर?"

"गाडीपतूर जायला रिक्षा?" लेकाची कमाई कुठं जाते ते आता समजलं, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मग बसा इथंच. मी गाडी आणते," मी म्हणाले. म्हातारं माणूस, घरचं माणूस, मी थोडीच भाडं मारतेय, असं मनाशी म्हणत मी पळत गेले आणि गाडी आवारात घातली.

पोतं मागं डिकीत टाकलं. पुढचं दार उघडून मी उभी राहिले. सोजरबाई माझ्या पुढून गेल्या, मागचं दार त्यांनी स्वतः उघडलं आणि आत जाऊन बसल्या.

"पुढं बसा ना, आत्या."

"हितंच बरं हाय."

मी स्टिअरिंगपुढं बसले. त्यांनी पुढं वाकून इकडंतिकडं बघितलं.

"मीटर न्हाई व्हय ह्याला?"

"मोबाइलवर असतं. पण तुम्हाला कशाला मीटर?"

"फुकट न्हाई यायची मी. लेकाकडं चाललेय, कुनाच्या उपकारावर न्हाई." त्यांनी कमरेचा बटवा सोडला आणि एक नोट माझ्या खांद्यावरून पुढं केली. "धर."

"अहो आत्या, ठेवा ते."

"धर म्हन्ते ना!"

मी ती नोट मागं सारतेय, त्या पुढं ढकलतायत, आणि तेवढ्यात खिडकीत एक पांढरी दाढी उगवली.

"घावलं!" दस्तगीरमामा म्हणाले. "नोटंसकट घावलं."

"मामा, हे भाडं नाही," मी घाईनं म्हणाले. "माझ्या सासूबाई आहेत."

"व्हय की. काल एकाची मावशी हुती. परवा एकाची चुलती. त्या चुलतीनं उतरताना त्येला पाच स्टार दिल्ते मोबाइलवर." मामांनी आत डोकावून बघितलं. "आणि ताई, सासू मागं बसती व्हय? घरचं माणूस पुढं बसतं, बडबड करतं. गिऱ्हाईक मागं बसतं आणि पैसं देतं. चाळीस वर्षं हाच धंदा करतोय मी."

मामांचं काहीच चुकत नव्हतं. रिक्षावाले गोळा झाले. वाहतुकीचे खोत हवालदार चौकीतून आले, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि खिडकीपाशी वाकून अदबीनं म्हणाले, "आजी, घाबरू नका. खरं काय ते सांगा. ही बाई कोण तुमची?"

मी आरशात बघत होते. सोजरबाईंनी आधी खोतांकडं बघितलं, मग जमलेल्या लोकांकडं, मग माझ्या मानेकडं. एवढ्या लोकांसमोर, परक्या गावात त्यांना आयता प्रश्न विचारला गेला होता. उत्तर एका शब्दाचं होतं.

"ही?" त्या म्हणाल्या. "डायवर हाय ही."

कुणी कानफटात मारावी तसं झालं मला. रागही आला नाही. दोन वर्षं मनात जपलेलं काहीतरी बसल्या जागी खाली गेलं, एवढं कळलं.

"झालं तर मग," खोत म्हणाले आणि चाकाला जॅमर लागला.

मी खाली उतरले. दंड भरला, पावती घेतली. पण जॅमरची किल्ली साहेबांकडं होती आणि साहेब जेवायला गेले होते. येईपर्यंत गाडी हलणार नव्हती आणि गाडी सोडून मी हलणार नव्हते, कारण कर्ज काढून घेतलेली तीच माझी रोजीरोटी होती.

मामा वाईट माणूस नव्हते. त्यांनी सोजरबाईंना हात देऊन उतरवलं, डिकीतलं पोतं काढून रांगेतल्या पहिल्या रिक्षात ठेवलं. रिक्षावाला तरणाबांड होता, त्यानं सीट फडक्यानं पुसली.

"कुठं जायाचं, आजी?"

"बालूच्या घरी."

"बालू कुठं ऱ्हातो?"

"सांगलीत."

"सांगली काय बारकी हाय व्हय, आजी? गल्ली कुठली?"

 दोन वर्षांत सोजरबाईंनी लेकाचं घर पाहिलं नव्हतं आणि पत्ता विचारायची कधी पाळी आली नव्हती. त्यांनी बटव्यात हात घातला, काढला, पदर सावरला. मग जॅमर लावलेल्या चाकाजवळ मी उभी होते तिकडं वळून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कुठं ऱ्हाता गं तुम्ही?"

मामा रिक्षाच्या टपावर हात ठेवून उभे होते. तो हात तसाच राहिला.

मी त्यांच्याकडं न बघता रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. विश्रामबागेच्या पुढं, पाण्याच्या टाकीमागं, दुसऱ्या गल्लीत. "आणि दादा, हळू न्या. गतिरोधकावर तर अगदी हळू, गुडघे धरलेत त्यांचे. दाराची पायरी उंच आहे, हात द्या. पोतं तुम्हीच आत ठेवा. शेजारच्या लोंढेकाकू चहा करतील, त्यांना म्हणावं बिनसाखरेचा करा."

"मला साखर चालत न्हाई ते कुनी सांगितलं तुला?" सोजरबाईंनी विचारलं.

"बालाजीनं."

"हं," त्या म्हणाल्या.

मामांनी दाढी खाजवली. "हवालदारसाहेब, इकडं या जरा. ह्ये काय तरी येगळंच हाय. गिऱ्हाईक डायवरला आपलं घर कुठं म्हणून इचारतंय?"

खोत आले. "अहो आजी, मघाशी तर तुम्ही डायवर म्हणालात."

"मग डायवरच हाय की. खोटं काय बोलले मी?"

"डायवर, आणि अजून कोण?"

सोजरबाईंनी तोंड फिरवलं.  मीही मघाचं परत सांगायला गेले नाही. भीक मागितल्यासारखं वाटलं असतं मला.

खोतांनी सुस्कारा सोडला. "जाऊ द्या. कुणी का असेना, उपयोग नाही. नियम पाटीला आहे, माणसाला नाही. पिवळी पाटी आत आली, माणूस चढवला, संपलं. आज हिच्या सासूला सोडलं तर उद्या सगळ्या टॅक्सींत सासवाच बसतील."

"त्ये बी खरं," मामा म्हणाले. "चला आजी, बसा. रिक्षा निघू द्या."

सोजरबाईंनी रिक्षाची कड धरली. एक पाय आत ठेवला. तिथंच थांबल्या. मग तो पाय त्यांनी काढून परत खाली ठेवला.

"पोतं उतरीव."

"का ओ, आजी?"

"उतरीव म्हन्ते. मी न्हाई जात."

"अहो, पण पोरगा वाट बघत असंल की."

"बघू दे!" आणि मग त्यांचा आवाज असा चढला, की रांगेतल्या शेवटच्या रिक्षावाल्यानंही मान बाहेर काढली. "आयुष्यात पहिल्यांदा लेकाच्या घरी चाललेय मी. दारात पायावर पानी कोन घालनार? भाकरतुकडा कोन ओवाळनार? लेक पडलाय खाटंवर. सून तुम्ही हितं लोखंडात अडकवून ठिवली. मग काय, ह्या रिक्षावाल्यानं ओवाळायचं व्हय मला?"

"मला न्हाई येत त्ये, आजी," रिक्षावाला घाबरून म्हणाला.

सगळे हसले. खोतसुद्धा हसले. मी मात्र जॅमरकडं बघत राहिले, कारण मान वर केली असती तर भर स्टेशनात रडू फुटलं असतं. भांडणाच्या ओघात, तिसऱ्याच माणसावर ओरडताना तो शब्द त्यांच्या तोंडून निघून गेला होता. आपण काय बोललो हे त्यांना कळलंही नसावं. मला तसाच हवा होता तो.

पोतं खाली आलं. सोजरबाई स्टेशनच्या पायरीवर ऐसपैस बसल्या आणि मला हातानं खूण केली. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी लुगड्याची गाठ सोडली, कडक भाकरी मोडली, तिच्यावर शेंगाची चटणी ठेवली आणि माझ्यापुढं धरली.

"खा. तोंड बघ कसं सुकलंय. सकाळधरनं काय पोटात न्हाई वाटतं."

मग एक तुकडा मामांना, एक खोतांना, एक त्या रिक्षावाल्याला. दंड करणारे, धरून देणारे आणि धरले गेलेले, असे आम्ही सगळे एका पायरीवर भाकरी चावत साहेबांची वाट बघत बसलो. कडक भाकरी खाताना माणसाला बोलता येत नाही, त्यामुळं भांडणही तिथंच थांबलं.

"रातच्याला बी चालवतीस व्हय?" सोजरबाईंनी समोर बघत विचारलं.

"नाही. दिवेलागणीला घरी येते."

"बाप्ये बसत्यात गाडीत. तरास देत न्हाईत?"

"देतो एखादा."

"मग?"

"गाडी थांबवते, दार उघडते आणि खाली उतर म्हणते. भर रस्त्यात."

"उतरत्यात?"

"उतरतातच. गर्दीचा रस्ता असेल तर आणखी लवकर उतरतात."

त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं, ठसका लागला. पण त्या हसत होत्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. "बरं करतीस," त्या म्हणाल्या. "लई बरं करतीस."

साहेब आले, जॅमर निघाला. मामांनी पोतं स्वतः डिकीत ठेवलं आणि मला बजावलं, "ताई, आजी परत आल्या की आधी मला फोन कर. गाडी पुलापलीकडंच लावायची, नियम म्हंजे नियम. पर आजींना आणि पोत्याला मी माझ्या रिक्षातनं तिथवर आणून सोडीन. एक पैसा घेणार न्हाई."

ते त्यांनी पुढं अनेक वर्षं पाळलं. आता ते नाहीत, आवारही नवीन झालंय, आणि टॅक्सींना रीतसर जागा मिळालीय. पाट्या सगळ्या बदलल्या.

मी पुढचं दार उघडलं. सोजरबाई पुन्हा मागंच जाऊन बसल्या. "पाय लांब करायला हितं बरं पडतं," म्हणाल्या, आणि मामांनी कपाळावर हात मारून घेतला.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. त्यांना दारातच थांबवून मी पळत आत गेले, तांब्या भरला, भाकरीचा तुकडा शोधला. बालाजी खाटेवरून हाका मारत होता, "माय आली का? अगं, आत का येईना ती?" त्याला उत्तर द्यायला मला सवड नव्हती. मी बाहेर आले, तुकडा ओवाळून टाकला आणि त्यांच्या पायांवर पाणी घातलं. धुळीनं भरलेल्या, भेगाळलेल्या पायांवरून ते पायरीवर ओघळलं. त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला होता.

शेजारच्या दारातून लोंढेकाकूंनी डोकं बाहेर काढलं. दोन वर्षं आमच्याकडं गावाकडचं कुणी आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"पाहुण्या आल्या वाटतं! लेकाकडं आलात होय?"

सोजरबाईंनी ओला पाय उचलून उंबऱ्याच्या आत ठेवला. माझ्या खांद्यावरचा हात तसाच ठेवून त्या वळल्या.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "सुनंकडं आलेय."